आईच्या पानावरचा आवाज

भावानं घरच्या संगणकावर एक विकी उभी केली होती. म्हणजे आमच्यापुरती वहीच. घरातल्या कुणीही तिच्यात पान लिहावं, दुसऱ्याचं दुरुस्त करावं. त्यातलं आईचं पान माझं. दर रविवारी पेठ वडगावहून एसटीनं माहेरी कोल्हापूरला यायचं, आईच्या हातचा चहा घ्यायचा आणि दोन बोटांनी टाइप करत बसायचं, असं मी वर्षभर केलं. तिच्या वर्षभराच्या चटणीवर तर जीव ओतून लिहिलं होतं.

एका रविवारी पान उघडलं, तर माझ्या ओळींच्या मधोमध एक छोटा त्रिकोण. तो दाबला की आई बोलू लागायची.

"मिरची लई भाजू नगंस पोरी. करपली की वरीसभर बोलणी खायाची."

"व्हय," असं वहिनी म्हणायची आणि मग दोघींचं हसू. वहिनीनं स्वयंपाकघरात मोबाईलवर ते टिपलं होतं आणि भावानं पानात बसवलं होतं.

त्यानंतर घरी येईल तो आधी त्रिकोण दाबायचा. आजूबाजूचं माझं लिहिलेलं कुणी वाचेना. तेही चाललं असतं, पण मला झोंबलं ते 'पोरी'. पूर्वी आई मला पोरी म्हणायची. लग्न झालं आणि मी तिच्या तोंडीसुद्धा सगळ्यांसारखी 'आक्का' झाले. वहिनी येऊन तीन वर्षं झाली नव्हती आणि माझा शब्द तिच्याकडे गेला होता. मी जळत होते, त्याला दुसरा शब्द नाही.

उन्हाळ्यात दोघी मिरच्या कुटायला डंकावर निघाल्या. मीही पदर खोचून उठले, तर आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे आक्का, तू बस लिहीत. ही हाय की."

मी बसले आणि त्रिकोणाची ओळ खोडून टाकली.

मला वाटलं, वहीत खोडलं की संपलं. विकी कुणी, कधी, काय खोडलं याची यादी ठेवते, हे मला कुठं ठाऊक. संध्याकाळी भावानं ती यादी सगळ्यांसमोर उघडली. सगळ्यात वर माझं नाव होतं.

मग वहिनी म्हणाली, "वन्सं, सकाळी तुमच्या नावानं मीच पान उघडलंतं. माझ्याकडनंच उडालं असंल."

ती सकाळपासून डंकावर होती, हे सगळ्यांना माहीत होतं. तिचा तो चांगुलपणा मला चोरी पकडली जाण्यापेक्षा जास्त लागला.

आईनं ओळखलं होतंच. जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुझ्यासंगंबी बोलते की. लाव तो फोन टिपायला."

"मला नको," मी म्हणाले. "मी लिहिते तेवढं बास हाय."

तिनं पुन्हा विचारलं नाही. भावानं ओळ परत बसवली, वहिनी पुढंही टिपत राहिली आणि मी हट्टानं लिहीत राहिले.

आई गेली. त्या पानावर आता तिच्या आवाजाचे अकरा तुकडे आहेत. माझं लिहिणं मीही वाचत नाही, थेट त्रिकोण दाबते. प्रत्येक तुकड्यात आई 'पोरी' म्हणून हाक मारते आणि बाजूनं वहिनी ओ देते.

हल्ली मी तिच्या आधी 'व्हय' म्हणून घेते.