तळणाच्या तेलावरची जीप

नोकरीतली कितीतरी प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. अमळनेरच्या त्या जीपचे प्रकरण मात्र अजून जसेच्या तसे आठवते. तेव्हा मी तिथे सहायक पोलीस निरीक्षक होतो. तेलगिरण्यांचे भरभराटीचे दिवस सरले होते, पण जुने कामगार ठाण्यासमोर चहाला बसले की घाण्यांचे आणि भोंग्यांचे विषय निघत. काम नसले की मीही त्यांच्यात जाऊन बसे. इतक्या बदल्या झाल्या, पण तसा चहा आणि तशा गप्पा पुन्हा मिळाल्या नाहीत.

एकदा सकाळची हजेरी चालू असताना सुट्या तेलाचा एक दुकानदार आला. बोलणे अदबीचे, हातात लेखी अर्ज. गावाबाहेर राहणारा एक म्हातारा फिटर भज्यांच्या गाड्यांवरून जळके तेल गोळा करतो, गाळतो आणि खेड्यांत खाण्यासाठी विकतो, अशी खबर होती. प्रश्न लोकांच्या जिवाचा. मी हवालदारांना आणि दोन पंचांना घेऊन निघालो.

पत्र्याच्या शेडमध्ये तेलाचे सहा डबे, एक पिंप आणि जाड कापडाच्या गाळण्या सापडल्या. खबर तंतोतंत खरी वाटली. पंचनामा केला, नमुने सीलबंद केले आणि म्हाताऱ्याला आमच्या गाडीत बसवून भर बाजारातून ठाण्यात आणले. भजीवाले हातातले काम थांबवून बघत होते. त्याने मान वर केली नाही.

त्याला सगळे नाना म्हणत. गिरणीत तीस वर्षे फिटर, ती बंद पडल्यावर जुन्या जीपमध्ये हत्यारे टाकून खेडोपाडी पाण्याची इंजिने दुरुस्त करायचा. भजीवाल्यांच्या शेगड्या दुरुस्त करून द्यायचा आणि बदल्यात वापरलेले तेल न्यायचा, एवढे त्याने कबूल केले. तेलाचे पुढे काय करतो, यावर एकच उत्तर: "मन्हा कामले लागस."

दुपारपर्यंत मी आणि हवालदारांनी आळीपाळीने तोच प्रश्न विचारला. खोटे बोलणारा माणूस दुसऱ्या वेळी तपशील वाढवतो, तिसऱ्या वेळी बदलतो. नाना एक शब्दही वाढवत नव्हता. शेवटी मी जबाबाचा मसुदा त्याला वाचून दाखवला. 'जळके तेल लोकांना खाण्यासाठी विकले' हे वाक्य आले आणि त्याने टेबलाची कड धरली.

"साहेब, गाडीनं कलम लावा. पण लोकेसले जळेल तेल खावाडं असं लिखू नका. ते बठ्ठं तेल मन्ही गाडी पेस."

गाडी तेल पिते म्हटल्यावर हवालदार हसले. मला हसू आले नाही, कारण तो रडकुंडीला आला होता. जीपला त्याने दुसरी टाकी बसवली होती. नोंदणीपुस्तकात तिची नोंद नव्हती, ते उघड झाले तर जीप जप्त होईल आणि पोट बंद होईल, म्हणून तो सकाळपासून गप्प होता. गाडी आणि नाव यांतले एकच वाचणार असे दिसले, तेव्हा त्याने नाव निवडले.

मी म्हणालो, "चालवून दाखवा."

त्याच्या शेडवर जाऊन जीपमध्ये पंचांना मागे बसवले, मी नानाशेजारी बसलो. जीप डिझेलवर सुरू झाली. इंजिनाच्या गरम पाण्याची नळी तेलाच्या टाकीतून फिरवलेली होती. थंड तेल घट्ट असते, ते पातळ होईपर्यंत थांबावे लागते, असे नानाने सांगितले. तीन-चार किलोमीटरवर त्याने पायाजवळचा कॉक फिरवून इंजिन डिझेलवरून तेलावर घेतले. इंजिनाचा आवाज जरा मऊ झाला आणि मागून मिरचीच्या भज्यांचा वास येऊ लागला. कापसाच्या शेतांमधून आम्ही शिंदखेड्याच्या दिशेने बरेच पुढे गेलो. त्या वासात मला माझे लहानपणीचे भडगावच्या बाजाराचे दिवस आठवले. तपासावर असताना इतके बरे वाटल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

परत आल्यावर मी भजीवाल्यांना एक साधा प्रश्न विचारला: नानाआधी तेल कोण नेत होते? तिघांनी नाव घेतले ते अर्ज देणाऱ्या दुकानदाराचे. नाना येऊ लागल्यापासून त्याचे डबे रिकामे राहत होते. अन्न सुरक्षा अधिकाऱ्यांना सोबत घेऊन छापा टाकला. जळके तेल ताज्या तेलात मिसळलेले पिंप त्याच्याच गोदामात निघाले, आणि गुन्हा त्याच्यावर नोंदवला गेला.

नानाच्या गाडीचा प्रश्न उरला. मोटार वाहन निरीक्षकांना बोलावले. त्यांनी बॉनेट उघडून बराच वेळ कौतुकाने पाहिले आणि मग सांगितले की गाडी ज्या इंधनासाठी नोंदली आहे त्यावरच चालवायची, बदल करायचा तर आधी परवानगी हवी. अशा तेलासाठी परवानगी कशी मागायची, हे त्यांनाही नीट सांगता आले नाही. दंड झाला, दुसरी टाकी उतरवली, जीप वाचली. ती टाकी नानाने पुढे शेतातल्या पाण्याच्या इंजिनाला लावली. तिथे नोंदणीपुस्तकाचा प्रश्न नव्हता.

कागद पूर्ण झाले. "जा नाना, तुमच्यावर काही नाही," मी म्हणालो. नाना उठला, पण दाराशी थांबला.

"साहेब, हाई बजारले कोन सांगी?"

स्टेशन डायरीत मी त्याला निर्दोष लिहिले होते, पण डायरी बाजार वाचत नाही. मी टोपी घातली आणि त्याच्या जीपमध्ये शेजारी बसलो. ज्या रस्त्याने त्याला आणले, त्याच रस्त्याने आम्ही सावकाश गेलो. प्रत्येक भज्यांच्या गाडीपाशी नानाला थांबायला लावले आणि खरा प्रकार माझ्या तोंडाने सांगितला. शेवटच्या गाडीवाल्याने आम्हा दोघांपुढे चहा ठेवला, तेव्हा नानाने बाजारात पहिल्यांदा मान वर केली.

खबर देणाऱ्याचा फायदा आधी तपासावा, हे त्या प्रकरणाने शिकवलेच, पण ते पुस्तकातही सापडते. दुसरी गोष्ट मला नाना शिकवून गेला. माणसाला ठाण्यात आणायला अर्धा तास लागतो. तो निर्दोष निघाला, तरी त्याला परत नेऊन सोडायला आपण कोणी जात नाही. त्यानंतर मी जात राहिलो.