केअर कोणाच्या घरची

ताईचा फोन पहाटेच येऊन गेला होता, त्यामुळे बातमी मला नवी नव्हती. तरी सिंदी मेघेला ताईकडे जाताना ऑटोत मोबाइल उघडला, तर माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, 'सर एक्स्पायर झाले.' ते वाचून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल, तर भाऊजींना फोन करून विचारावं, या एक्स्पायरचं मूळ काय… मग भान आलं, गेलेले सर म्हणजे भाऊजीच. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान, वर्ध्याजवळच्या आंजीच्या शाळेत जन्मभर इंग्रजी शिकवलेले. फोन करायला ते नव्हते, म्हणून मीच शोधलं. लॅटिन 'स्पिरारे', श्वास घेणं. इन्स्पायरमध्ये तो आत जातो, एक्स्पायरमध्ये बाहेर. कॉन्स्पायर म्हणजे कट करणं. तिथे दोघंतिघं मिळून श्वास घेतात. ऑटोवाल्याने दोनदा विचारलं, कुठे उतरायचं, तेव्हा मी वर पाहिलं.

शब्दांची मुळं शोधायचं हे खूळ त्यांना लागलं ते आमच्या ऑफिसात, असं मी गमतीने म्हणायचो, आणि ते खरंही होतं. मी जात पडताळणीच्या फायली पाहत असे. भाचीच्या प्रकरणासाठी भाऊजींना वंशावळ जोडायची होती. नियम असा, की सगळ्यांत वर मूळ पुरुष लिहायचा, खाली त्याची मुलं, नातवंडं, आणि प्रत्येकाच्या नावामागे कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल किंवा शाळेचा दाखला हवा. आडनाव सारखं, गाव सारखं, म्हणून कोणी नात्यातलं होत नाही. हे मी रोज लोकांना घसा कोरडा होईपर्यंत सांगायचो आणि लोक चिडायचे. भाऊजी चिडले नाहीत. त्यांनी कोरे नमुने मागून घेतले. पुढच्या रविवारी जेवायला गेलो तर एका नमुन्यावर मूळ पुरुषाच्या जागी 'पोर्टारे, वाहून नेणारा' असं लिहिलेलं, आणि खाली त्याचा परिवार: पोर्टर, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, रिपोर्ट. सपोर्टचं नाव मात्र बाजूला, नुसतं पेन्सिलने लिहिलेलं.

"याले काऊन बाजूले ठेवलं?" मी विचारलं.

"थो खालून उचलते. बाकीचे इकडून तिकडं नेतात. दाखला सापडला का घेतो घरात."

तेव्हापासून शाळेत फळ्यावर वंशावळी सुरू झाल्या. आंजीची पोरं इंग्रजीला घाबरायची, पण कोणाचा कोण लागतो हे विचारलं की त्यांना उत्साह यायचा, कारण घरी दारी तेच चालतं. लग्नात पंगतीला बसलं तरी शेजारचा आधी विचारतो, आंजीचे कोण तुम्ही? भाऊजींचं सगळ्यांत आवडतं घराणं 'कूरा'चं. कूरा म्हणजे काळजी. तिच्या घरी क्युअर, म्हणजे बरं करणं. अॅक्युरेट, काळजीपूर्वक केलेलं. क्युरिअस, कारण ज्याची काळजी वाटते त्याच्याचबद्दल माणूस विचारत राहतो. आणि सिक्युअर, काळजी सोडलेला. बँकेबाहेर खुर्चीत घोरणारा सिक्युरिटी गार्ड दिसला, की भाऊजी म्हणत, हा मूळ अर्थाला धरून चालला आहे. या घराण्यात त्यांनी आणखी एक नाव लिहिलं होतं: केअर. केअर आणि क्युअर सख्ख्या बहिणी, असं ते वर्गात सांगत.

हे वाक्य एका मुलीच्या मनात रुतून बसलं. वैशाली तिचं नाव. आंजीच्या शेतकरी घरची, घरात पहिलीच नोकरी करणारी. पुढे ती नर्स झाली आणि आता वर्ध्याला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. दर नव्या बॅचला पहिल्या दिवशी ती हेच सांगायची, की औषध देणं आणि उशाशी बसणं एकाच आईच्या पोटचं. तिच्या वर्गाच्या भिंतीवर तिने ते रंगवून घेतलं होतं. भाऊजींच्या फुप्फुसांनी दगा दिला, तेव्हा बोरगाव मेघेहून स्कूटीवर येऊन इंजेक्शन द्यायची तीही हीच.

त्याच आजारपणात भाचीने पुण्याहून शब्दांच्या मुळांची जाडजूड डिक्शनरी पाठवली. भाऊजी नाकाला नळी लावून ती वाचत बसायचे. एक दिवस मी गेलो. त्यांनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं.

"केअर कूराच्या घरची नाई, सुधाकर. लॅटिनशी तिचा संबंधच नाई. जुन्या इंग्रजीतली हाये. शोक करणं, दुःख करणं, असा तिचा अर्थ. मी नावावर गेलो. तुह्या ऑफिसात कोणी असं केलं असतं तं तू फाइल फेकली असती."

"आता कोण पाहून राह्यलं, भाऊजी?"

"वैशाली शिकवून राह्यली न पोरींले. तिले सांगा लागते."

ताई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काही गरज नाई. त्या पोरीनं भिंतीवर लिहून ठेवलं. तिचं मन काऊन मोडता?" माझं मतही ताईसारखंच होतं. एका शब्दाचं कूळ चुकलं म्हणून रोगी दगावत नाही. पण भाऊजींना दम लागला होता तो चालण्याने नव्हे, हे दिसत होतं. आपल्याला सांगायला वेळ पुरेल का, याची त्यांना भीती होती.

त्यांनी तिला मुद्दाम बोलावून घेतलं. ती धावत आली. "सर, मले वाटलं रिपोर्ट खराब आला." भाऊजींनी तिला पान उघडून दाखवलं. तिने उभ्याउभ्या वाचलं, पुन्हा वाचलं. मग बीपी पाहिलं, नळी नीट केली, आणि "येते सर" म्हणून निघून गेली. त्यानंतर काही दिवस ती आलीच नाही, दुसऱ्या नर्सला पाठवलं. ताईने भाऊजींना खूप सुनावलं. ते ऐकून घेत. मला एवढंच म्हणाले, "रागावली असन, तं बरोबरच हाये." पुढे ती येऊ लागली, पण त्या शब्दाबद्दल अवाक्षर काढलं नाही, आणि भाऊजींनी विचारलं नाही. ती परत आली त्याच आठवड्यात ते गेले. तिने ते मानलं की नाही, हे न कळताच गेले, याचं मला फार वाईट वाटतं.

तेरवी झाल्यावर ताई म्हणाली, हे पुस्तक वैशालीले देऊन ये. मी गेलो तेव्हा तिचा वर्ग चालू होता. मी दाराशी थांबलो. भिंतीवरच्या त्या वाक्यावर चुना फिरवलेला होता. फळ्यावर कूराची वंशावळ होती, वर मूळ नाव, खाली लेकरं. केअर त्यात नव्हती. ती फळ्याच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या घरात.

"हिचं मूळ शोकात आहे," वैशाली सांगत होती. "ज्याचं दुःख तुमाले होत नाई, त्याची केअर तुमच्यानं होत नाई. क्युअर होईन कदाचित."

एक मुलगी म्हणाली, "पण मॅडम, मागच्या बॅचले तं तुमी बहिणी म्हणून सांगतल्या होत्या."

"मले माझ्या सरांनी तसंच शिकवलं होतं. मग त्यायनंच मले घरी बलावून सांगतलं का ते चुकलं होतं. तेव्हा त्यायले धड बोलणंही होत नव्हतं." तिने खडू खाली ठेवला. "मले लय राग आला होता त्यायचा."

मागच्या बाकावरून कोणीतरी विचारलं, "मॅडम, मग पेशंट कोणाच्या घरचा?"

वैशालीने तोंड उघडलं, उत्तर तिला येत असावं. पण तिचं लक्ष माझ्याकडे, माझ्या हातातल्या पुस्तकाकडे गेलं. तिने हात पुढे केला आणि मुलींना म्हणाली, "थांबा. पाहून सांगते."