त्र्यंबकहून आलेला निरोप

पहिल्या टर्मला मी संस्कृत सोडून सगळ्या विषयांत नापास झालो, आणि त्याला दोन कारणं होती. एक मी पुढे लोकांना रंगवून सांगत आलो. दुसरं सांगितलं नाही, कारण त्यात दोष माझा होता.

आमचं घर पंचवटीतलं, घराणं तीर्थोपाध्यायांचं. रामकुंडावर येणाऱ्या यजमानांचे विधी करायचे, हा पिढीजात धंदा. वडील आणि थोरले काका एकत्र राहत, पंगत एक, कर्ते काका. कुंडावरचं काम आठवड्याच्या पाळीने चाले : एक आठवडा काकांचा, एक आमचा. काकांचे गुडघे धरलेले, त्यामुळे त्यांच्या पाळीला त्यांचा मुलगा बसे. आमच्या पाळीला वडिलांबरोबर मी. तो आणि मी एका वयाचे. दोघेही एकदमच मॅट्रिक झालो आणि नदीपलीकडच्या कॉलेजात एकाच वर्गात जाऊन बसलो.

टर्मची परीक्षा पितृपक्षाला लागून आली. पितृपक्षात कुंडावर पाय ठेवायला जागा नसते. पहिली पाळी काकांची होती. पहिल्याच दिवशी चुलतभावाला ताप आला आणि पाळी संपली त्या संध्याकाळी उतरला. त्याच्या जागी मी बसलो. दुसरा आठवडा आमचाच होता, तेव्हाही मीच बसलो. तापाच्या त्या आठवड्यात तो आत पांघरूण घेऊन होता, आणि पांघरुणात पुस्तक होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं.

हे सांगायचं कारण. न सांगायचं असं, की मला वेळ मिळाला असता तरी मी नापासच झालो असतो. लहानपणापासून मी संहिता पाठ केलेली. मला वाटे, विद्या म्हणजे पाठांतर. इंग्रजीच्या पुस्तकाची पानंच्या पानं मला तोंडपाठ होती. प्रश्न काहीही असो, पहिल्या शब्दाशी जे पान जुळेल ते मी उतरवून यायचो. आमच्या प्रोफेसरांनी माझं एक उत्तर वर्गात वाचून दाखवलं. प्रश्न एका राजाच्या स्वभावाबद्दल होता आणि मी त्याच्या आजोबांच्या लढाईचं अख्खं पान लिहिलं होतं, स्वल्पविरामासकट. वर्ग हसला. सगळ्यांत मोठ्याने चुलतभाऊ हसला. रात्री पंगतीत त्याने तो किस्सा पुन्हा रंगवला आणि मला नाव दिलं : पोपटभट. आठवड्याभरात कॉलेज ते म्हणू लागलं, मग आळी.

काका हसले नाहीत. त्यांनी जेवणाअखेरचं आपोशन घेतलं आणि निकाल दिला. घाट दोघांनी सोडून चालणार नाही. वार्षिकाला जो मागे राहील त्याने कॉलेज सोडून कुंडावर बसावं, पुढे जाईल त्याने शिकावं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझी तयारी आहेच. पिंडाला इंग्रजी लागत नाही."

वडील खाली मान घालून जेवत होते. पानात टाकायचं नाही ही घरची रीत, म्हणून मी उरलेला घास गिळला. त्या घासाबरोबर मी जे ठरवलं त्याला अभ्यासाची प्रतिज्ञा म्हणणं खोटं होईल. पास व्हायचं हे होतंच, पण तो नापास व्हायला हवा होता. शिकायला मिळावं यापेक्षा तो उन्हात बसलेला मला दिसावा, ही भूक मोठी होती.

प्रोफेसरांकडे गेलो. त्यांनी एक पान वाचायला दिलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाले, "आता हे तुझ्या आईला सांगितल्यासारखं मराठीत सांग." मला एक वाक्य सांगता येईना. पान मात्र धडाधडा म्हणता येत होतं.

आई नव्हती. मग वडिलांना सांगू लागलो. संध्या झाली की ते सुपारी कातरत बसत, मी त्यांच्यापुढे युरोपचा इतिहास मांडत असे. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं. ते मध्येच विचारत, "पण त्या राजाला ते परवडलं कसं?" आणि मी अडे. अडलो की परत पुस्तकाकडे. माघात मला इतिहास कळू लागला, गणिताची भीती गेली. रंगपंचमीला रहाड उघडली, सगळी पोरं त्या रंगाच्या हौदात उड्या मारत होती, आणि मी माडीवर दार लावून भूमितीची प्रमेयं सोडवत होतो. दर प्रमेयानंतर मनात चुलतभावाचं तोंड आणायचो. सुडाइतका चांगला शिकवणीमास्तर मला पुढे भेटला नाही.

तोही कच्चा नव्हता. परीक्षा पाडव्यानंतर होती. आमची पाळी संपत आली होती आणि पुढची, अमावास्येची, त्याची होती. या खेपेला काकांनी त्याला बजावलं होतं : ताप आला तरी बसायचं.

आमच्या पाळीच्या शेवटच्या दिवशी मी पायऱ्यांवर भांडी घाशीत असताना त्र्यंबकचा टांगेवाला आला. मुसलमान होता, यजमानांची ने-आण करी, आम्हा सगळ्यांना ओळखे. खालच्या आवाजात म्हणाला, "म्हाराज, तिकडचे तुमचे थोरले बाबा गेले. आज चौथा दिवस. घरी तेवढं सांगा."

त्र्यंबकचे ते आजोबा आमच्या भाऊबंदांतले, सात पिढ्यांच्या आतले. म्हणजे दहा दिवसांचं सुतक, त्यातले सहा उरलेले. सुतकात कुंडावर बसता येत नाही. काकांची पाळी दुसऱ्या उपाध्यायांकडे गेली असती आणि चुलतभावाला परीक्षेच्या तोंडावर सहा दिवस मोकळे मिळाले असते.

"सांगतो," म्हणालो. आणि सांगितलं नाही.

शास्त्र असं, की सुतक कळल्यापासून लागतं. ज्याला कळलं नाही त्याला दोष नाही. त्यामुळे घरात कुणालाच सुतक नव्हतं. एकट्या मला होतं. त्या सहा दिवसांत मी सोवळ्यात वावरलो, देवांना हात लावला, पंगतीला पाणी वाढलं. रोज कॉलेजातून येताना वाकडी वाट करून कुंडावरून गेलो. अमावास्येची गर्दी, डोक्यावर ऊन, आणि चुलतभाऊ मांडीखाली पुस्तक दाबून एकामागून एक यजमानांना संकल्प सांगतोय. घसा बसलेला. मी पायरीवर उभा राहून पोटभर पाहिलं. गोड लागलं, हे आज नाकारणार नाही.

परीक्षा झाली आणि त्र्यंबकचे एक भाऊबंद आले. त्यांनी विचारलं, दहाव्यालाही कुणी कसं फिरकलं नाही, निरोप तर चौथ्याच दिवशी टांग्याबरोबर धाडला होता. काका संतापले. वडिलांच्या आणि माझ्यादेखत टांगेवाल्याला घाटावर गाठून चारचौघांत वाटेल ते बोलले, पिऊन पडला असशील म्हणाले. तो म्हणाला, सांगितला होता. कुणाला, असं काकांनी विचारलं, तेव्हा त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आता याद नाही," तो म्हणाला. पुढे काकांनी त्याचा टांगा कधी ठरवला नाही.

वडिलांनी ती नजर पाहिली होती. निकालात मी वरच्या वर्गात गेलो, चुलतभाऊ गणितात थोडक्यात नापास झाला. पेढे वाटून झाल्यावर वडील एवढंच म्हणाले, "तू सांगतोस काकांना, की मी सांगू?"

"कुणीच नको," मी म्हणालो. त्यांनी सांगितलं नाही. मात्र तेव्हापासून मला पूजेचं पाणी भरू दिलं नाही आणि कधी कुंडावर बसवलं नाही. मला हवं होतं तेच मिळालं. मी बी.ए. झालो, नोकरीला परगावी गेलो.

मागच्या वर्षी वडील गेले. यंदाचं वर्षश्राद्ध कुंडावरच करायचं ठरलं. पाळी काकांच्या घरची, म्हणजे विधी सांगायला चुलतभाऊच. आता अंगाने भरलाय, आवाज खणखणीत, घाटावर मान आहे त्याला. त्याने मला उन्हाच्या बाजूला बसवलं. माझा एक उच्चार घसरला, त्याने तो तीनदा म्हणवून घेतला. मग पिंडावर तीळ घालताना, मंत्राच्याच आवाजात, मान वर न करता विचारलं,

"त्र्यंबकचा निरोप तुलाच आला होता ना?"

किती वर्षांपासून त्याला ठाऊक होतं, कोण जाणे. शेजारी दोन भाऊबंद आपापले यजमान घेऊन बसले होते.

"हो," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "हो. मलाच आला होता. मी सांगितला नाही."

शेजारचे मंत्र थांबले. त्याने दर्भ माझ्या हातात दिला आणि पुढचा मंत्र सुरू केला.