गणपतीपुरता दवाखाना

अगं, दारात काय उभी राहिलीस? ये, अशी जवळ बस. चेंबूरहून दिंडोशीला यायला वर्ष लागतं होय तुला? फोनवर नुसतं “मामी, येते येते.” आता आलीच आहेस तर आमच्या गावच्या दवाखान्याची गंमत ऐक.

आमचं गाव कोकणात आणि गावाचं मंडळ मुंबईत. देवळाला रंग कुठला द्यायचा, याचीसुद्धा मीटिंग इथे दिंडोशीत, रविवारी सकाळी, शाळेच्या वर्गात. पोरांच्या बाकांवर कसेबसे गुडघे कोंबून आमची माणसं गावाचं पुढचं ठरवतात. त्या रविवारी विषय होता दवाखाना. गावात सरकारी उपकेंद्र आहे, पण सिस्टर तालुक्याहून यायची आणि संध्याकाळच्या एसटीने परत जायची. राहायला जागाच नव्हती ना तिला. त्यानंतर कुणाला काही झालं तर देवच वाली. मला जास्तच काळजी, कारण गावाला माझ्या धाकट्या जावेची सून गरोदर होती. पहिलटकरीण. दिवस भरणार देवदिवाळीच्या सुमारास.

अध्यक्ष उठले. रिटायर झाल्यापासून त्यांना ऐकणारी माणसं कमी पडतात. त्यांनी झकास योजना मांडली. मंडळातर्फे मुंबईहून डॉक्टर न्यायचे, गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. गणपतीत फुगड्या घालून माझेच गुडघे दुखतात.

कुणीतरी म्हणालं, गावालाही विचारू या ना. म्हणून मी जावेला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. ती अंगणात उभी, हातात कोयती. अध्यक्षांनी तिला सगळं पहिल्यापासून समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं नि म्हणाली, “मगे आमी काय गणपतीतच आजारी पडाचा?”

वर्गात हशा पिकला. ती काही हसली नाही.

“भावोजी, तुमी येतास तेवा घरात माणसा असतत, दारात गाडये असतत. कोणय धावता. तुमी गेल्यार वाडीत आमी म्हातारीच उरतव. माझ्या सुनेक देवदिवाळीक कळा येतले. तिका काय सांगू, शिमग्यापर्यंत थांब?”

आता हसायची कुणाची छाती होती? अध्यक्ष चष्मा पुसत बसले. सेक्रेटरी म्हणाले, “सिस्टरच गावात राहिली पाहिजे. पण क्वार्टर बांधायला वर्षं जातील.”

“बांधूचा कशाक?” फोनमधून आवाज. “तुमची कुलपा घातलेली घरा आसत मा! आत पाली नांदतत.”

झालं! सगळे छताकडे बघायला लागले. कोकणी माणूस एक वेळ जेवणातला बांगडा देईल, पण घराची चावी? आणि उपकेंद्राला लागून बंद घर कुणाचं, तर आमचंच. मी ह्यांच्याकडे बघितलं, हे फळ्याकडे.

“अहो, पडवीकडची खोली देऊ या ना तिला.”

“आणि गणपतीत आपण कुठे झोपायचं?”

“तुम्ही झोपता कधी? भजनातच तर असता!”

बायका खोखो हसल्या. ह्यांनी खिशातल्या जुडग्यातून गावच्या घराची चावी काढली आणि टेबलावर ठेवली. जरा आपटूनच.

सिस्टर राहायला आली. खोली धुतली, दारात अबोली लावली. येता-जाता जावेच्या घरी डोकावायची. एका संध्याकाळी तिने सुनेचं बीपी बघितलं, तर चांगलंच चढलेलं. पायांवर सूज. तिने तिथल्या तिथे ॲम्ब्युलन्स बोलावली नि स्वतः बरोबर बसून जिल्ह्याच्या इस्पितळात घेऊन गेली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. जाऊ फोनवर इतकी ओरडली की आमच्या शेजारणीने पेढे कधी देताय म्हणून विचारलं.

आता खालच्या वाडीतलं आणखी एक घर उघडायचं चाललंय. तिथे दर आठवड्याला डॉक्टर बसवायचा, बारा महिने. अध्यक्ष सांगत फिरतात, मूळ कल्पना त्यांचीच. सांगू देत गं.

बाळी बसायला लागलीये, आणि तू तिला अजून फोटोतच बघतेस. आम्ही दोघं पुढच्या महिन्यात गावाला जातोय. सण नाही, लग्न नाही, असंच. तूही ये. गणपतीत काय, सगळेच येतात.