त्याच्या नावाची घागर

"मान वर करून बोल गा. साहेबच आहे, तोफ नाही."

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांनंतर मी फौजीकाकांचं नाव घेतो. वरचं वाक्य त्यांचं. नागपूरजवळ हिंगण्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर होतो, आणि साहेबांसमोर माझ्या तोंडून "हो सर" यापलीकडे शब्द फुटत नसे. काका फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन आमच्या गेटवर सिक्युरिटीला होते. काही दिवस त्यांनी मला नुसतं पाहिलं आणि एका संध्याकाळी सायकलचं हँडल धरून ते वाक्य ऐकवलं. खऱ्या तोफा पाहिलेला माणूस सांगतोय म्हणून मला पटलं. पुढे त्यांच्याच घराची मागची खोली मी भाड्याने घेतली.

असा निवृत्त फौजी तुमच्याही वस्तीत असेल. सव्वीस जानेवारीला त्याला पदकं लावून पहिल्या रांगेत बसवतात, शाल देतात, दोन शब्द बोलायला सांगतात आणि तिसऱ्या शब्दाला माईक काढून घेतात. काकांना दरवर्षी एखादं पोट्टं विचारायचंच, "काका, लढाईत किती मारले?"

"मच्छर धरून का सोडून?" काका विचारत.

सगळे हसत. काका हसत नसत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्याकडच्या अखजीला, घरोघरी पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरतात आणि बाहेरच्या एखाद्या माणसाला गेलेल्याच्या जागी बसवून जेवू घालतात. त्या दिवसापुरता तोच पितर. काकांकडे घागरी दोन असत. एक त्यांच्या वडिलांची. दुसरी कोणाची, ते माझ्यासमोर कोणी बोलत नसे. वडिलांच्या पत्रावळीवर भावकीतलं कोणी तरी बसायचं. दुसरी पत्रावळ तशीच उचलून गाईला जायची.

त्या खोलीतल्या माझ्या दुसऱ्या वर्षी अखजीच्या आदल्या दिवशी काका माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं. मी कूलर त्यांच्याकडे वळवला.

"उद्या पितर म्हणून बसशीन का?" ते म्हणाले. "पण पहिले ऐकून घे. मंग हो म्हण."

आणि त्यांनी सांगितलं. वर पहाडात लढाई झाली. सीमेपलीकडच्यांनी आपली प्रेतं नेली नाहीत. त्यांचा एक जवान काकांच्या खंदकाजवळच पडला होता. वय तुमच्याआमच्या घरातल्या पोराएवढं. त्याला पुरायचं काम काकांच्या तुकडीला मिळालं. तुकडीतल्याच एका मुसलमान जवानाने दुआ म्हटली. माती काकांनी टाकली.

"त्याच्या मोज्याची टाच फाटली होती. दुसऱ्या रंगाच्या लोकरीनं विणून देल्ली होती कोणी तरी. घरचंच काम ते." काका म्हणाले. "गोळी कोणाची लागली, मले माहीत नाही. माही असू शकते."

"पण काका, त्यांच्यात पितर जेवू घालत नाहीत."

"मले मालूम आहे गा. पण त्यांच्यातलं मले कुठं येते? मले येते तेच करून राहिलो. माती म्या देल्ली, तर पाणी कोण देईन?"

मग शेजारच्या गुरुजींची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी ते त्या पत्रावळीवर बसले होते. जेवता जेवता त्यांनी सहज विचारलं, कोणाच्या नावाने जेवतोय? काकांना खोटं बोलता आलं नाही. गुरुजी हातातला घास टाकून उठले.

"पितर उपाशी उठून गेला ना गा माह्या दारातून," काका म्हणाले. तेव्हापासून त्या जागी कोणी बसलं नव्हतं.

माझ्या आईला हे कळलं तर काय म्हणेल, हाच विचार आधी आला.

"नाही म्हटलं तरी चालते," काका म्हणाले. "खोली नाही सोडा लागत."

मी हसलो आणि हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी काकू वाढायला आल्या त्या ओठ आवळूनच. एवढी वर्षं त्यांचं काकांशी यावरूनच वाजायचं, "सासऱ्याले जेवू घाला. दुश्मनाले काहून?" त्यांनी शेवया वाढल्या, वडे वाढले, चिंचवणी ठेवली. मी खाली मान घालून जेवत होतो. एरवी मला "ए पोट्ट्या" म्हणणाऱ्या काकू एकदम म्हणाल्या, "अजून एक वडा घ्या ना."

घ्या! मी वर पाहिलं. त्या माझ्याशी बोलत नव्हत्या.

जेवण झाल्यावर काकांनी माझ्या हातावर पाणी घातलं आणि वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पाय ओढून घेणार होतो, पण घेतले नाहीत. ते पाय माझे नव्हते. काकांनी विचारलं, पोट भरलं का? मग आवाज उतरवून हिंदीत म्हणाले, "भाई, नाम पूछना रह गया."

त्या जवानाचे कागद कॅप्टनसाहेबांकडे होते. विचारलं असतं तर नाव मिळालं असतं. "एक बार तोंड उघडाचं होतं फक्त," काका नंतर म्हणाले. त्याच्या आईला कोणी कळवलं असेल का, हेही ते मला विचारत, जणू मला माहीत असावं.

मी नागपुरात होतो तोवर दर अखजीला तिथे बसलो. मग बदली होऊन पुण्याला आलो. यंदा उन्हाळ्यात काकूंचा फोन आला. काकांना लकवा मारला होता, वाचा गेली होती. "नुसतं घागरीच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून राहिले. पाणी मी देतो, पण बसाले माणूस नाही." मला रजा मिळाली नाही. अखजीच्या संध्याकाळी मी पत्र लिहिलं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नव्हतं, पत्र काकूंनी कानाशी वाचून दाखवलं असतं. ते पोचायच्या आदल्या दिवशी काका गेले. ऐकायला काकाच उरले नाहीत, म्हणून इथे देतो.

तीर्थस्वरूप काकांस साष्टांग नमस्कार.

आज इथे घागर भरली. आमच्या मजल्यावर बिहारचा एक तरुण राहतो, नवीनच नोकरीला लागला आहे. त्याला सगळं सांगून मगच बोलावलं. तो म्हणाला, भूक लागली आहे आणि कारणही चांगलं आहे. पोटभर जेवला. कढी दोनदा मागून घेतली. त्याने त्या जवानाचं नाव विचारलं तेव्हा मला काही सांगता आलं नाही, पण तो उठून गेला नाही.

वडे बायकोला काकूंसारखे जमले नाहीत. तेवढं सांभाळून घ्या.

औषध वेळेवर घ्या. पुढच्या अखजीला मी रजा आधीच मागून ठेवतो आणि नागपूरला येतो. तुम्ही सांगाल त्याच्या नावाने बसेन.