दुर्गाला मी बाहेर नेलं न्हाई

हे मी कुणापाशी बोलले न्हाई. नवऱ्यापाशी न्हाई, आईपाशी तर न्हाईच. आज तुमाला सांगून राहिले — मागंपुढं व्हईल बोलताना.

मी बारावी झाले, बी.ए.ला नाव घातलं, पहिलं वर्ष कसंबसं निघालं आन लग्न झालं. कॉलेज तिथंच सुटलं. माझं लेकरू आठ महिन्याचं असताना कळमनुरीच्या रोडवर एका इंग्लिश शाळंत काम लागलं. छोट्या वर्गाला बाई पाहिजे, असा निरोप होता. मी नवी साडी नेसून गेले. पर्समधी दोन पेन, एक लाल — वह्या तपासाया. मोठ्या मॅडमनी वर्ग दाखवला, मंग मागचा संडास दाखवला आन बकेट हातात दिली. शिकवायला दुसरी हाय, तुमी लेकरांचं पाह्यचं, म्हणल्या.

घरी मी काय सांगितलं? नर्सरीला शिकवते म्हणलं. आईनं ते सगळ्या गल्लीत केलं. आता मागं कसं फिरायचं? रोज सकाळी मी मास्तरीण होऊन निघायचे आन दिवसभर दुसऱ्याच्या लेकरांचं ढुंगण धुवायचे. किळस यायची. बोटांना फिनेलचा वास, जेवतानाबी तोच. घरी माझ्या पोराचं करताना कधी घाण वाटली न्हाई — मंग इथंच काहून?

एक केलं होतं मी. लेकरांना शिकवून ठेवलं होतं, मला मिस म्हणायचं. मावशी म्हणलं की मी वळून पाह्यचेच न्हाई. बाकीच्यांना दोन दिवसांत जमलं. दुर्गाला जमलं न्हाई.

दुर्गा चार वर्षांची. माळावरच्या वस्तीवरची, घरी मेंढरं. बाप गाडीवर पुढं बसवून आणायचा. तिच्या स्वेटरला मेंढरांचा वास यायचा, मी तिला लांबूनच धरायचे. आईएवढ्या बाईला मावशीच म्हणत्यात तिच्या घरी — तिला दुसरं काय येणार?

त्या दिवशी शिकवायची बाई रजेवर होती. वर्ग माझ्याकडं. मी फळ्यावर ए बी सी डी लिहून खुर्चीवर बसले होते — किती खूश होते, काय सांगू. दुर्गा आली, "मावशी, बाहेर जायचंय." मी पाह्यलं न्हाई. परत म्हणली. मी म्हणलं, "मिस म्हण, मंग नेते." ती पायावर पाय दाबून नुस्ती पाहून राहिली. मंग हळूच म्हणली, मावशी.

मी तिला जागेवर बसवलं.

व्हय, मला माहीत होतं काय व्हणार ते.

झालं. लेकरं नाक धरून हसाया लागली. मी उठले का? न्हाई. धुतलं का? न्हाई — आज मी शिकवणारी होते ना. शाळा सुटायला लई वेळ होता. ती तशीच बसली. रडलीबी न्हाई. तिच्या पायावर माश्या बसून राहिल्या, आन मी ते पाहून राहिले.

बाप घ्यायला आला. मी म्हणलं, आत्ताच केलं तिनं, सांगतच न्हाई ही, सवय न्हाई हिला. ते तर वाळलं होतं — दिसत होतं ना त्याला बी. त्यानं गळ्यातला रुमाल काढला, नळाखाली भिजवला, पोरगीला पुसून घेतलं. मंग माझ्यासमोर हात जोडले.

"चुकलं मॅडम. आमच्या लेकराला वळण न्हाई."

मॅडम. जल्मात पयल्यांदा मला कुणी मॅडम म्हणलं. आन मला — कसं सांगू — मला बरं वाटलं. पोरगीच्या पायाला घाण, बाप हात जोडून उभा, आन मला आतून गार गार वाटलं. फिनेलचा वास धुतला की जातो. हे जात न्हाई. माझीच मला शिसारी येती.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला. म्हणला, घरी दुर्गा दप्तर फेकून राहिली, शाळंत जायचं न्हाई म्हणून राहिली. कुणी काही बोललं का तिला, एवढंच त्यानं मला इचारलं. शांतपणानं. मोठ्या मॅडम बाजूला उभ्या. मी एक शब्द खरा बोलले असते तर पोरगी परत आली असती. पण काम गेलं असतं, गल्लीत कळलं असतं. मी म्हणलं, न्हाई, कोण बोलंल? लहान हाय अजून, पुढच्या साली पाहा.

त्यानं मान हलवली. मोठ्या मॅडमनी तिचं नाव कमी केलं.

पुढच्या साली ती आली न्हाई, त्याच्या पुढच्याबी साली न्हाई. त्या वस्तीवरची दुसरी दोन लेकरं आता आमच्या शाळंत येत्यात. मी रोज त्यांचे हात धरून मागं नेते. दुर्गा शाळंत जाती का, एवढं त्यांना इचारलं तरी कळंल.

मी इचारलं न्हाई.