श्रीच्या जागी चार प्रश्नचिन्हं

वागळे इस्टेटमधला आमचा कारखाना बंद पडला तेव्हा मी पस्तिशीचा होतो आणि घरी बसून पायथन शिकत होतो. त्याच इस्टेटीतल्या एका साहेबांनी सांगितलेलं, "सोमवारी गोदामाच्या मालाचा प्रोग्राम चालवून दाखवा, नोकरी तुमची. कॉम्प्युटर तुमचाच आणा." प्रोग्राम तयार होता. त्याला डेटाबेसशी बोलायला लावणारी लायब्ररी तेवढी बसवायची राहिलेली.

रविवारी सकाळी, डोंबिवलीच्या घरात, मी कमांड टाइप केली. पडदा वर! लाल अक्षरं धडाधड कोसळली. पुन्हा टाइप केली. पुन्हा लाल. मागे बाबा, निवृत्त हेडक्लार्क, बशीतला चहा फुंकत उभे.

"काय म्हणते तुझी लायब्ररी?"

"बसत नाही म्हणते."

"वर्गणी थकवली असशील."

दुपारी हरलो आणि कल्याणच्या मित्राला फोन लावला, स्पीकरवर. त्याने एरर वाचायला लावली.

"फोल्डरच्या नावात चार प्रश्नचिन्हं आहेत रे," मी म्हणालो.

"तिथे मुळात काय होतं?"

मी सांगून टाकलं. तिथे 'श्री' होतं. कॉम्प्युटर आणला त्या दिवशी त्याने युजरचं नाव विचारलं आणि बाबा गरजले, "कोऱ्या पानावर आधी श्री!" मी देवनागरीत उमटवलं. त्याच नावाचा फोल्डर झाला, आणि लायब्ररीला ते अक्षर वाचताच येईना.

मित्र खो खो हसला. "अरे गाढवा, इंग्रजी नावाचं नवं अकाउंट उघड!"

मला बाबांकडे बघवेना. या माणसाने श्री न लिहिता किराण्याची यादीही केली नव्हती. त्यांनी बशी खाली ठेवली.

"तारेत कुठे श्री घालायचो आम्ही? ती आधी पोचली पाहिजे. घाल इंग्रजी."

नव्या अकाउंटात लायब्ररी मिनिटभरात बसली. बाबांनी स्वतःच टाळ्या वाजवल्या. तसा प्रेक्षक मला पुन्हा मिळाला नाही; आता तर ते नाहीतच.

सोमवारी सीपीयू चादरीत गुंडाळून रिक्षाने नेला. साहेबांनी मुद्दाम चुकीचे आकडे भरून प्रोग्रामला छळलं, मग विचारलं, "कधीपासून येता?"

"एक तारखेपासून," मी ऐटीत म्हणालो आणि बाहेर येऊन घरी फोन केला.

"एक तारीख?" बाबा केवढ्याने ओरडले! "मूर्खा, आत जा. उद्यापासून येतो म्हणून सांग!"

आणि मी खरंच परत आत गेलो.